वाचक विचारतात: पेशीतल्या धाग्यांना दिशा कुठून येते?

मागच्या अंकात पेशीच्या आत असणाऱ्या प्रथिनांच्या धाग्यांवर अर्ध्या पानाचा मजकूर दिला होता. त्यात एवढंच म्हटलं होतं की आपल्या पेशीत असे धागे मुख्यतः तीन जातीचे, सगळ्यात बारीक ॲक्टिन म्हणजे साधारण ७ नॅनोमीटर जाड, मग इंटरमीजिएट फिलामेंट्स १० नॅनोमीटर (केराटिन हा त्यांचाच एक प्रकार), आणि सगळ्यात जाड मायक्रोट्युब्यूल्स, २५ नॅनोमीटरच्या पण आतून पोकळ. त्या अर्ध्या पानावर इतके मेल आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघा-तिघांनी थेट प्रिस्क्रिप्शनचे फोटो पाठवलेत, तसं प्लीज करू नका.

ताई, मी लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे तीन धाग्यांचा तक्ता पाठ करून घेतात, व्यास, प्रथिनाचं नाव, काम, आणि शेवटी 'पोलॅरिटी आहे / नाही'. हा शेवटचा कॉलम कशासाठी असतो ते कोणीच सांगत नाही. आणि मुळात तीन वेगळे धागे लागतातच कशाला?

तक्ता फेकू नकोस, मार्क त्यालाच आहेत. पण माझं मत विचारशील तर त्यातला व्यासाचा कॉलम सगळ्यात बिनकामाचा आणि शेवटचा, म्हणजे धाग्याला दिशा आहे की नाही हे सांगणारा कॉलम सगळ्यात कामाचा.

ॲक्टिनपासून बघू. त्याचा सुटा रेणू म्हणजे ३७५ अमिनो ॲसिडची एक साखळी, घडी पडून जवळपास गोळा झालेली, वजन ४२ किलोडाल्टन, मधे एक खाच आणि त्या खाचेत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा छोटा रेणू, बसलेला. गोळा म्हटलं तरी त्याची वरची आणि खालची बाजू सारखी नसते, खाच एकाच बाजूला उघडते. आता असे रेणू एकमेकांना जोडायचे तर एकाचं खालचं अंग दुसऱ्याच्या वरच्या अंगाशीच जुळतं, उलटा करून बसवायला गेलं तर तो बसतच नाही, त्यामुळे सगळेच्या सगळे एकाच तोंडाने लागतात आणि अख्ख्या धाग्याची दोन टोकं आपोआप वेगळी होतात. दिशा बाहेरून कोणी देत नाही, ती रेणूच्या आकारातच असते. १९६३ साली ह्यू हक्स्ली यांनी ॲक्टिनच्या धाग्यांवर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचे तुकडे चिकटवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले तेव्हा पूर्ण धाग्यावर एकाच दिशेला वळलेली बाणाग्रांची ओळ दिसली, म्हणून एका टोकाला बार्ब्ड आणि दुसऱ्याला पॉइंटेड म्हणतात. बार्ब्ड टोकाला नवे रेणू झपाट्याने येऊन चिकटतात, पॉइंटेड टोकाला फार हळू.

आणि हा धागा सरळ काठी नसतो. प्रत्येक पुढचा रेणू आधीच्यापेक्षा साधारण २.७५ नॅनोमीटर पुढे सरकतो आणि १६६-१६७ अंशांनी वळतो, म्हणजे जवळजवळ पाठीला पाठ लागेल इतका, पण पूर्ण १८० नाही. तो जो १३-१४ अंशांचा फरक राहतो ना, त्याच्यामुळे दोन पदर एकमेकांभोवती हळूहळू उजव्या हाताच्या पिळाने फिरताना दिसतात आणि दर ३६ नॅनोमीटरच्या आसपास एकमेकांना ओलांडतात. एका मायक्रॉन लांबीत असे साधारण ३७० रेणू मावतात.

मायक्रोट्युब्यूलची गोष्टही तीच, फक्त तिथला एकक म्हणजे अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची जोडी, ८ नॅनोमीटर लांबीची. जोडी नेहमी अल्फा-बीटा-अल्फा-बीटा अशीच लागत जाते, त्यामुळे एका टोकाला सगळे बीटा उघडे राहतात, ते प्लस टोक, आणि दुसऱ्या टोकाला सगळे अल्फा, ते मायनस.

इंटरमीजिएट फिलामेंटचा मामला एकदम वेगळा आहे. इथे सुटा रेणू गोळा नसतोच, तो लांबट असतो, मधला मोठा भाग अल्फा हेलिक्स म्हणजे स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, आणि अशा दोन साखळ्या एकाच दिशेला तोंड करून एकमेकींभोवती पीळ घेतात, ४५ नॅनोमीटरचा दांडा तयार होतो. इथपर्यंत दिशा आहे. पण पुढच्या पायरीला दोन दांडे शेजारी येतात ते उलटसुलट तोंड करून, थोडे मागेपुढे सरकून, आणि झालं, चार साखळ्यांच्या त्या गठ्ठ्याची दोन्ही टोकं सारखी होऊन बसतात. मग असे आठ गठ्ठे शेजारीशेजारी लागून सुमारे ६० नॅनोमीटरचा आखूड जाड तुकडा होतो आणि ते तुकडे टोकाला टोक लावून धागा बनतो, काथ्याच्या दोरात आखूड तंतू पिळाने एकमेकांना धरून लांब दोर होतो तसाच. पुस्तकात याच्या आडव्या छेदात ३२ साखळ्या लिहिलेल्या असतात. २०२४ साली झुरिकच्या गटाने व्हिमेंटिन या इंटरमीजिएट फिलामेंटच्या धाग्याची क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने रचना काढली त्यात ४० निघाल्या, परीक्षेच्या पेपरात मात्र तुझ्या पुस्तकात असेल तेच लिही.

आता त्या कॉलमचा उपयोग. पेशीत माल वाहून नेणारी जी मोटर प्रथिनं आहेत त्यांना धाग्याच्या दिशेवरूनच कळतं कुठे जायचं ते. बहुतेक कायनेसिन मायक्रोट्युब्यूलवरून प्लस टोकाकडे चालतात, एका पावलाला बरोबर ८ नॅनोमीटर, म्हणजे एक जोडी. डायनीन मायनसकडे. मायोसिन ॲक्टिनवरून. इंटरमीजिएट फिलामेंटवर चालणारी मोटर आजवर सापडलेली नाही आणि रचना बघितल्यावर त्याचं आश्चर्य वाटायला नको, दोन्ही बाजू सारख्याच दिसणाऱ्या धाग्यावर मोटर जाणार कुठे? कमरेजवळून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास एक मीटर लांब असतो आणि त्यातल्या मायक्रोट्युब्यूल्सची प्लस टोकं सगळी बाहेरच्या बाजूला असतात, म्हणूनच कायनेसिनवर लादलेला माल न चुकता पायाकडे जातो, दिवसाला २००-४०० मिलिमीटरच्या वेगाने, म्हणजे पोचायला अडीच ते पाच दिवस.

मग तिसरा धागा हवा कशाला, तर ताण सोसायला. ॲक्टिन आणि मायक्रोट्युब्यूल थोडं ताणलं की तुटतात. व्हिमेंटिनचा एकेक धागा ओढून पाहिलाय, तो मूळ लांबीच्या अडीच-तीन पट होईपर्यंत तुटत नाही, आतले पीळ उलगडत जातात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकतात. त्याला दिशा नाही आणि जोडणीसाठी एटीपी किंवा त्याच्यासारखाच जीटीपीही लागत नाही. आणि हे धागे सगळ्यांकडे नसतातही बरं का! फळमाशीच्या पेशीत केंद्रकाच्या आतलं लॅमिन सोडलं तर या जातीचं काहीच नाही, झाडांच्या पेशीतही केराटिन-व्हिमेंटिनसारखं काही सापडत नाही. ॲक्टिन आणि ट्युब्युलिन मात्र यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे, आणि यीस्टचं ॲक्टिन आपल्या ॲक्टिनशी जवळपास नव्वद टक्के जुळतं.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, चाकणला नोकरी. पोकळ नळी समान वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा वाकायला कठीण, हे आम्हाला माहीत आहे. पण पेशीला ते कसं 'कळलं'? आणि मायक्रोट्युब्यूलच्या नळीच्या भिंतीत १३ च ओळी असतात असं वाचलं. १२ का नाही, १४ का नाही?

प्रश्न आवडला. आधी कडकपणाचं बघू. १९९३ साली एका अमेरिकन गटाने सुटे ॲक्टिन आणि सुट्या मायक्रोट्युब्यूल्स पाण्यात ठेवून त्या उष्णतेमुळे किती थरथरतात, किती वाकतात ते मोजलं आणि त्यावरून पर्सिस्टन्स लेंग्थ काढली, म्हणजे धागा साधारण किती लांबीपर्यंत आपली दिशा टिकवून धरतो ती. ॲक्टिनची आली सुमारे १८ मायक्रॉन. मायक्रोट्युब्यूलची आली सुमारे ५ मिलिमीटर. तीनशे पट! इंटरमीजिएट फिलामेंटची इतरांनी मोजलेली आहे, ती एखाद्या मायक्रॉनच्या आसपास येते, म्हणजे तो धागा पेशीत नागमोडीच पडलेला असतो. गंमत म्हणजे ॲक्टिन आणि मायक्रोट्युब्यूल यांच्या मटेरियलमध्ये फारसा फरक नाही, दोघांचा यंग्ज मॉड्युलस एखाद्या कडक प्लास्टिकइतकाच, गिगापास्कलच्या घरातला, सगळा फरक छेदाच्या आकाराचा. त्रिज्येच्या चौथ्या घाताचं गणित तुम्हाला मी काय सांगणार.

तेरा ओळींचं उत्तर जरा लांब आहे. नळीची भिंत म्हणजे ट्युब्युलिनच्या जोड्यांच्या उभ्या ओळी, त्यांना प्रोटोफिलामेंट म्हणतात, शेजारीशेजारी चिकटून गोल झालेल्या. १९७३ मध्ये ल्युइस टिल्नी आणि सहकाऱ्यांनी टॅनिक ॲसिड वापरून छेद घेतले, त्यात ओळींच्या मधल्या फटी गडद झाल्या आणि चक्क मोजता आल्या, तेरा. पण टेस्टट्यूबमध्ये नुसतं शुद्ध ट्युब्युलिन घेऊन नळ्या होऊ दिल्या तर १२, १३, १४, १५ अशा सगळ्या मिळतात, १४ बऱ्याच. म्हणजे ट्युब्युलिनला स्वतःला तेराचं फार कौतुक नाही. पेशीत मात्र नळीची सुरुवात गॅमा ट्युब्युलिन या अल्फा-बीटाच्याच भावंडाच्या कड्यावरून होते आणि ते कडं तेराचा साचा देतं.

तेराच का निवडले असावेत याचं एक भूमितीतलं कारण सांगतात. तेरा ओळी असल्या तर ओळी नळीच्या अक्षाला समांतर, सरळ जातात. १२ किंवा १४ झाल्या की भिंत नीट मिटवण्यासाठी ओळींना किंचित पीळ घ्यावा लागतो, आणि मग एका ओळीवरून चालणारी मोटर माल घेऊन नळीभोवती गोल फिरत जाणार. पण हा नियम अगदी दगडावरची रेघ नाही हं, सी. एलिगन्स नावाचा जो छोटा किडा प्रयोगशाळेत पाळतात त्याच्या बहुतेक पेशींत ११ ओळींच्या नळ्या असतात आणि स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत १५ ओळींच्या. त्यांचं व्यवस्थित चाललंय.

आता तुम्ही इंजिनीअर आहात म्हणून यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. शेजारच्या दोन ओळी अगदी समपातळीत नसतात, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा जेमतेम ०.९ नॅनोमीटर वर सरकलेली असते. तेरा ओळींचा पूर्ण फेरा मारून परत पहिल्या ओळीशी आलात की तुम्ही १२ नॅनोमीटर वर पोचलेले असता. एक अल्फा किंवा एक बीटा ४ नॅनोमीटरचा, म्हणजे तुम्ही तीन रेणू वर आलात. तीन ही विषम संख्या! इतर सगळीकडे अल्फाच्या शेजारी अल्फा आणि बीटाच्या शेजारी बीटा असतो, पण फेरा जिथे मिटतो तिथे अल्फाच्या शेजारी बीटा येतो. म्हणजे प्रत्येक नळीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक शिवण असते, सीम म्हणतात तिला, आणि ती चुकून राहिलेली नाही, गणितच तसं आहे. शिवणीवरची जोडणी बाकीच्या जोडणीपेक्षा कमकुवत असते आणि नळी उघडायची तर तिथून उघडणं सोपं जात असावं, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

पेशीला हे 'कळलं' कसं याचं उत्तर, कळलं नाही. जे टिकलं ते राहिलं.

अकरावीत आहे, अकोला. पुस्तकात लिहिलंय की मायक्रोट्युब्यूल्स सतत बनतात आणि सतत मोडतात. मग पेशी कोसळत कशी नाही?

कारण सगळ्या एकदम मोडत नाहीत, शेजारच्या दोन नळ्यांपैकी एक वाढत असते आणि दुसरी त्याच क्षणी मोडत असते, आणि हेच तर १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवलं, याला डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी म्हणतात. होतं असं की बीटा ट्युब्युलिन येऊन चिकटताना सोबत जीटीपी घेऊन येतं, आणि चिकटल्यावर थोड्या वेळाने त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तुटून त्याचं जीडीपी होतं. जीटीपीवाली जोडी सरळ राहायला तयार असते, जीडीपीवालीला वाकायचं असतं, पण ती भिंतीत दोन्ही बाजूंनी अडकलेली असल्यामुळे वाकू शकत नाही, ताण तसाच साठून राहतो. टोकाला ताज्या जीटीपीवाल्या जोड्यांचा थर आहे तोवर नळी टिकते. नवे रेणू यायला उशीर झाला आणि तो थर संपला की टोकाच्या ओळी सुटतात, बाहेरच्या बाजूला गोल वळतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मेंढ्याच्या शिंगांसारख्या दिसतात, आणि मग नळी भराभर आखडत जाते. कधीकधी अर्ध्यात थांबून पुन्हा वाढायलाही लागते. अल्फाकडेही एक जीटीपी असतो पण तो जोडीच्या मधे गाडलेला, त्याचं कधी काही होत नाही.

हा उधळेपणा वाटेल पण पेशी विभागताना गुणसूत्रं शोधायची असतात ना, तेव्हा चहूकडे नळ्या वाढवायच्या, जिला गुणसूत्र सापडलं ती टिकवायची आणि बाकीच्या मोडून तेच ट्युब्युलिन परत वापरायचं, ही पद्धत फार कामाची आहे. ॲक्टिनमध्ये वेगळा प्रकार दिसतो, एका टोकाला भर पडते आणि दुसऱ्या टोकाने गळती होते, लांबी तीच राहते पण रेणू बदलत राहतात.

थंडीत नळ्या विरघळतात हेही लक्षात ठेव. जुन्या काळी पेशी थंडगार ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये बुडवून मायक्रोस्कोपखाली बघायचे, आणि नळ्या दिसायच्याच नाहीत फारशा. १९६३ मध्ये ग्लुटराल्डिहाइड वापरायला लागले आणि त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना वनस्पतींच्या पेशीत त्या स्पष्ट दिसल्या.

वय ६८, नाशिक. मला गाऊट आहे, डॉक्टरांनी कोल्चिसिन दिलंय. नातू फार्मसीला आहे, तो म्हणतो आजोबा हे औषध पेशीतल्या नळ्या मोडतं. तेव्हापासून गोळी घ्यायला हात धजत नाही.

काका, नातू बरोबर बोलतोय पण अर्धंच बोलतोय. कोल्चिसिन अल्फा आणि बीटाच्या मधल्या सांध्यात जाऊन बसतं, त्यामुळे ती जोडी वाकडीच राहते, सरळ होऊन भिंतीत बसू शकत नाही आणि नळी वाढायची थांबते. खरं तर ट्युब्युलिन हे प्रथिनच या औषधामुळे सापडलं, १९६७ मध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन पेशीत कशाला चिकटतं ते शोधलं आणि जे हाती लागलं ते ट्युब्युलिन. गाऊटमध्ये सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचतात आणि पांढऱ्या पेशी तिथे धावून जाऊन आगडोंब करतात, औषधाच्या छोट्या डोसने त्या पेशींची ही धावपळ कमी होते. डॉक्टरांनी दिलेल्या डोसला शरीरातल्या सगळ्या नळ्या मोडून पडत नाहीत. पण या औषधात योग्य डोस आणि विषारी डोस यांच्यातलं अंतर खरोखर कमी असतं, त्यामुळे आपल्या मनाने एक गोळी जास्त घेऊ नका, मनाने बंदही करू नका, किडनीचा त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कोणी लिहून दिलं तर हे औषध चालू असल्याचं आधी सांगा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन.

आणि एक गोष्ट, खास आपल्याकडची. कोल्चिसिन युरोपात कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून मिळालं, पण ते आपल्या कळलावीतही भरपूर असतं, तीच ती पावसाळ्यात कुंपणावर, रानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी वेल. तमिळनाडूत तिच्या बियांसाठी शेती करतात. गावाकडे कोणी तिचा कंद सांधेदुखीवर उगाळून द्यायला निघालं तर साफ नाही म्हणा, कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत.

ट्युब्युलिनवर काम करणारी औषधं झाडांनीच जास्त दिलीत. सदाफुलीतून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन नळ्या बनू देत नाहीत. टॅक्सॉल बरोबर उलटं करतं, ते नळीच्या आतल्या बाजूने बीटाला चिकटतं आणि नळी मोडूच देत नाही, पण परिणाम तोच, विभागायला निघालेली कॅन्सरची पेशी अडकून पडते. हे टॅक्सॉल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून वेगळं काढून त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले, आणि हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? सूझन हॉर्विट्झ यांच्या गटाने १९७९ मध्ये ते नळ्यांना पकडून ठेवतं हे दाखवलं आणि १९९२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. केमो घेणाऱ्यांच्या हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं, लांब चेतातंतूंमधल्या नळ्यांनाही औषध सोडत नाही.

डोंबिवलीहून. पार्लरवाली म्हणते केराटिन ट्रीटमेंट केल्याने केसातलं गेलेलं केराटिन परत भरून येतं. तुमच्या लेखात केराटिन हा इंटरमीजिएट फिलामेंटचा प्रकार म्हणून आलं होतं. मग हे खरं का?

नाही. केस बाहेर येतो तेव्हा त्याच्यातल्या पेशी मेलेल्या असतात आणि आत केराटिनचे धागे गच्च बांधलेले असतात. हे धागे बनवायला आम्लधर्मी केराटिनची एक साखळी आणि अल्कधर्मी केराटिनची एक साखळी लागते, त्यांची जोडी, मग गठ्ठे, मग धागा, हे सगळं मुळाशी जिवंत पेशीत होतं. बाटलीतलं केराटिन म्हणजे लोकर-पिसांपासून वगैरे काढून तुकडे केलेलं प्रथिन, ते केसावर लेप देतं, थोडंफार आत शिरतंही, पण त्याचे धागे बनत नाहीत. केस सरळ राहतो तो बऱ्याच प्रॉडक्ट्समध्ये फॉर्मल्डिहाइडमुळे, गरम इस्त्रीने ते प्रथिनांना आहे त्या स्थितीत आडवे बंध घालून टाकतं. फॉर्मल्डिहाइड हा माणसात कॅन्सर करणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नोंदलेला आहे. लेबलवर फॉर्मॅलिन किंवा मेथिलीन ग्लायकॉल लिहिलं असलं तरी मामला तोच. 'फॉर्मल्डिहाइड फ्री'वाल्यांत कधीकधी ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, त्यानंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय जर्नल्समध्ये आल्यात. करायचंच असेल तर निदान बाटली हातात घेऊन वाचा आणि खिडकी उघडायला लावा, सगळ्यात जास्त धूर तर ती पार्लरवालीच रोज घेत असते.

रीबॉन्डिंग वेगळं. केसाच्या केराटिनमध्ये सिस्टीन भरपूर, त्याच्या सल्फरचे सल्फरशी पक्के बंध असतात, रीबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटने ते तोडतात, केस सरळ करतात आणि दुसऱ्या केमिकलने परत जोडतात. रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून सकाळी लाटा येतात त्यात मात्र फक्त हायड्रोजन बंध सुटतात-जुळतात, म्हणून एका धुण्यात सगळं पूर्ववत.

आणि केराटिन बिघडलं तर काय होतं ते बघायचं असेल तर त्वचेकडे बघा. त्वचेच्या तळच्या थरात केराटिन ५ आणि केराटिन १४ यांची जोडी असते, यातल्या एकाच्या जनुकात छोटा बदल असला तरी धागे नीट बांधले जात नाहीत आणि नुसत्या घासण्याने पेशी फाटून फोड येतात, जन्मतःच. हा संबंध १९९१ मध्ये उघड झाला. ताण सोसायला तिसरा धागा का हवा याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

कोल्हापूर. तालमीत जातो. मेहनत केल्याने स्नायूतले ॲक्टिनचे धागे लांब होतात का?

नाही, लांबी जवळपास ठरलेली असते, साधारण एक मायक्रॉन. मेहनतीने धाग्यांची संख्या वाढते, शेजारीशेजारी नवे गठ्ठे भरतात, म्हणून दंड जाड होतो. रचना मोठी सुबक आहे, प्रत्येक घरात म्हणजे सार्कोमियरमध्ये दोन्ही टोकांच्या झेड चकतीत ॲक्टिनची बार्ब्ड टोकं रोवलेली आणि पॉइंटेड टोकं मधे एकमेकांसमोर, मधोमध मायोसिनचे जाड धागे. स्नायूतलं मायोसिन नेहमी बार्ब्ड टोकाकडेच जातं, त्यामुळे दोन्हीकडच्या चकत्या आत ओढल्या जातात आणि स्नायू आखडतो. एका बाजूचे धागे उलटे लागले असते तर कुस्ती राहिलीच, हातसुद्धा उचलला नसता. बाकी ॲक्टिन सापडलं तेही स्नायूतच, १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हंगेरीत सेगेदला अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या लॅबमध्ये ब्रूनो श्ट्राउब यांना. प्रोटीन पावडरबद्दल तुम्ही पुढे विचारलंय, ती पोटात जाऊन अमिनो ॲसिडच होते, डाळ-अंडी-दुधाचंही तेच होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. बॅक्टेरियात असे धागे नसतात असंच आम्ही शिकलो आणि शिकवतो. आता असतात म्हणतात, खरं काय?

सर, असतात. बॅक्टेरिया दोन तुकड्यांत विभागतो तेव्हा मधोमध जे कडं तयार होतं ते एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं, आणि त्याची रचना ट्युब्युलिनशी इतकी जुळते की शंकेला जागाच राहत नाही. योगायोग बघा, ट्युब्युलिनची रचना नोगालेस, वुल्फ आणि डाउनिंग यांनी काढली आणि एफटीएसझेडची लोवे आणि अमोस यांनी, आणि दोन्ही पेपर १९९८ च्या जानेवारीत नेचरच्या एकाच अंकात आले. अमिनो ॲसिडचा क्रम पाहिला तर दोघांत साम्य फारच थोडं, म्हणून आधी नक्की सांगता येत नव्हतं, पण साखळीची घडी एकच, आणि जीटीपी बसायची जागाही तीच. फरक असा की एफटीएसझेडच्या एकेरी ओळीच होतात, तेरा ओळींची पोकळ नळी होत नाही.

२००१ मध्ये एमआरईबीची रचना निघाली, तो ॲक्टिनचा नातेवाईक, दांड्याच्या आकाराच्या बॅक्टेरियाला दांड्यासारखा ठेवणारा. याचे दोन पदर मात्र एकमेकांना उलट्या तोंडाने लागतात आणि पीळही घेत नाहीत, म्हणजे रेणूला दिशा असूनही धाग्याला नाही, इंटरमीजिएट फिलामेंटसारखंच झालं, फक्त वेगळ्या वाटेने. आणि २००३ मध्ये कॉलोबॅक्टर या कोयरीसारख्या वळलेल्या बॅक्टेरियात क्रेसेंटिन सापडलं, गुंडाळलेल्या हेलिक्सवालं, ते काढून टाकलं की बॅक्टेरिया सरळ होतो. नववी-दहावीच्या मुलांना एवढं सगळं नको, 'बॅक्टेरियातही ॲक्टिन आणि ट्युब्युलिनसारखी प्रथिनं असतात' एवढं वाक्य पुरे, फक्त 'नसतात' हे मात्र आता फळ्यावरून पुसा.